काळं पान, एक पेटी: सिगारच्या चवीच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४

पेटी काल आली. दहा सिगारी, सगळ्या एकाच मापाच्या: लांबी सहा इंच, जाडी ५२. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या हिश्श्यात मोजतात, त्यामुळे ५२ म्हणजे साडेवीस मिलिमीटर, माझ्या अंगठ्याहून जरा जाड. वरचं पान, म्हणजे रॅपर, कनेटिकट ब्रॉडलीफ: अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातली रुंद पानाची तंबाखू. रंग काकवीचा; उन्हात धरली की तांबूस, सावलीत सरळ काळी. पोटातला माल निकाराग्वाचा, एस्तेली आणि हालापा या दोन खोऱ्यांतला. पेटीवर ‘फुल’ लिहिलंय, म्हणजे आपल्या भाषेत कडक. कंपनीचं नाव नोंदीत घालणार नाही. मला तिचं भलंही करायचं नाही आणि वाईटही.

काम असं ठरवलंय: एप्रिल ते नोव्हेंबर याच पेटीतल्या सिगारी ओढायच्या, महिन्याला एकीपेक्षा जास्त नाही, आणि दर वेळी चव लिहून ठेवायची. अट एकच. जे मी स्वतः खाल्लंय किंवा हुंगलंय, त्याचेच शब्द वापरायचे. दुकानात भिंतीवर चवींचं एक चक्र लावलेलं असतं: चामडं, सीडर, एस्प्रेसो, काळी चेरी. चामडं मी कधी चाटलेलं नाही. काळी चेरी तिशी उलटल्यावर पहिल्यांदा खाल्ली, तीही डब्यातली.

दुसरं कारण घरचं. माझं आजोळ निपाणीजवळ, तंबाखूच्या मुलखातलं. आणि मी राहतो त्याच कनेटिकटमध्ये, हार्टफर्डच्या उत्तरेला विंडसरमध्ये, जिथे हेच ब्रॉडलीफ पिकतं. बारा वर्षं त्या शेतांच्या कडेने विमा कंपनीतल्या नोकरीला जातोय. एकदाही गाडी थांबवली नाही.

तब्येतीचं एकदाच लिहितो, म्हणजे दर नोंदीत उगाळायला नको. एका जाड सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. आजोळच्या दोन माणसांचे गाल मी शेवटी शेवटी पाहिलेत. पेटी संपली की प्रकल्प संपला.

२० एप्रिल, पहिली

धीर धरवला नाही. दुकानदाराने ‘पंधरा दिवस ठेवून द्या’ असं बजावलं होतं, मी सातव्या दिवशी कापली.

न पेटवता ओढून पाहिली तेव्हा मनुका आणि ओली माती. हे छान होतं. पेटवल्यावर सगळं बिघडलं. ओढ घट्ट, जणू ताकाचा ग्लास आणि त्यात भात अडकलेली नळी. धूर येईना म्हणून मी जोरात ओढत गेलो, जोरात ओढल्यामुळे ती तापली, तापल्यामुळे कडू झाली. पस्तीस मिनिटांत अर्धी. पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नव्हतं.

मग कपाळावर गार घाम, तोंडाला पाणी, कानात पोकळी. आजोळी याला एकच शब्द आहे: लागली. ‘पोराला तंबाखू लागली’ म्हटलं की बाकी काही सांगावं लागत नाही. बायकोने न बोलता गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणून डेकच्या कठड्यावर ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

चवीची नोंद: नाही.

२१ एप्रिल

काल धूर एकदाही छातीत घेतला नव्हता. तरी लागली कशी?

सिगरेटची पिवळी तंबाखू गरम हवेच्या भट्टीत झटपट वाळवतात. तिच्यात साखर शिल्लक राहते आणि धूर आम्लाकडे झुकतो. तशा धुरातलं निकोटिन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून सिगरेटवाल्याला तो छातीत ओढावा लागतो. सिगारचं पान सावलीत, नुसत्या हवेवर, आठवडेच्या आठवडे वाळतं. मग ते मुरवतात. साखर संपते आणि धूर अल्कधर्मी होतो. त्यातलं निकोटिन गालाच्या आतूनच रक्तात उतरतं.

आजोबा तळहातावर तंबाखूला चुना मळायचे तो याचसाठी. सिगार म्हणजे चुना आधीच लावून आलेली तंबाखू. हे मला कुणी सातवीत सांगितलं असतं तर रसायनशास्त्रात बरे मार्क पडले असते.

१२ मे

पेटीतून आलेली सिगार सोनाराच्या काट्यावर १६.४ ग्रॅम भरली होती. तीन आठवडे ६५ टक्के आर्द्रतेच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवली, आज १५.९. अर्धा ग्रॅम पाणी गेलं. ब्रॉडलीफ जाड असतं, ओलावा धरून बसतं. दुकानातला म्हातारा म्हणतो की इतरांना सत्तर चालेल, याला पासष्टच.

म्हातारा एस्तेलीचा. तरुणपणी तिथल्या कारखान्यात होता, इथे येऊन आता दुकानाच्या कोपऱ्यात बसून गिऱ्हाइकांना शिकवतो. त्याच्या गावाचा इतिहास तो एका दमात सांगतो: १९५९ ला क्यूबात क्रांती झाली, तंबाखूवाले बिया घेऊन बाहेर पडले, १९६२ ला अमेरिकेने क्यूबाचा माल बंद केला, १९६८ ला एस्तेलीत होया दे निकाराग्वा हा पहिला कारखाना उभा राहिला. मग १९७९ ला त्यांच्याकडेही क्रांती आणि १९८५ ला त्यांच्याही मालावर अमेरिकेची बंदी. ‘पान तेच, फक्त सरकारं बदलत गेली,’ असं म्हणून तो हात झटकतो.

डबा लाकडी घ्यावा का, यावर बराच वेळ घालवला. चांगले डबे ‘स्पॅनिश सीडर’चे असतात. हे झाड स्पेनचं नाही आणि सीडरही नाही. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचं. गंमत म्हणजे ते आपल्या तूनीचं जवळचं नातेवाईक आहे, जुने वनस्पतिशास्त्रज्ञ तर दोन्ही एकाच वंशात धरत. म्हणजे चवीच्या चक्रावरचा ‘सीडर’ मला परका नाही. मामाच्या माडीवर तूनीचं कपाट होतं, दार उघडलं की गोडसर, कोरडा, जुन्या वह्यांसारखा वास यायचा. चक्रावरचा तो शब्द खोडून माझ्या वहीत ‘मामाचं कपाट’ लिहिलं.

किडीचंही पाहून ठेवलं. तंबाखूचा भुंगा म्हणून जो आहे, तो म्हणजे आपल्या हळदीत आणि मिरचीपुडीत होणारा तोच बारीक तांबूस किडा. उकाड्यात अंडी फुटतात. डबा उन्हाळाभर तळघरात.

१८ मे, दुसरी

जेवून बसलो. वरण-भात, वर लिंबू, अर्धा तास थांबून मग. पायाकडची, म्हणजे पेटवायची बाजू ज्योतीपासून बोटभर दूर धरून आधी नुसती शेकली, कडेने लाल रेघ आली तेव्हा तोंडात धरली. मिनिटाला एक झुरका, घड्याळ लावून. हसण्यासारखं वाटतं, पण सगळा खेळ या एका मिनिटाचा आहे.

खमंग, खरपूस, करपट, जळकट. भाजण्याच्या या चार पायऱ्या आपल्या स्वयंपाकघरात प्रत्येकाला ठाऊक असतात, आणि ही सिगार त्याच जिन्यावर वर-खाली करते. मिनिटाला एक झुरका घेतला तर खरपुसावर थांबते: भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की पापुद्र्यावर जे काळे डाग पडतात, ते. वीस सेकंदांनी घेतला तर करपट. दोन लागोपाठ घेतले तर जळकट, आणि तिथून ती मागे येत नाही. यामागे गूढ काही नाही. भाकरी, शेंगदाणे, कॉफी, तंबाखू, सगळ्यांच्या भाजलेल्या वासात पायराझिन नावाची एकाच कुटुंबातली संयुगं असतात. चक्रावर ‘एस्प्रेसो’ लिहिणाऱ्याने लहानपणी भाकरी खाल्ली असती तर त्यानेही भाकरीच लिहिली असती.

मिरी कुठे लागते हे शोधायला वेळ लागला. जिभेवर जवळजवळ नाही. धूर तोंडात धरून थोडा बाहेर सोडायचा आणि उरलेला हळूच नाकावाटे काढायचा, तेव्हा ती नाकाच्या मुळाशी कडकन चावते. काळी मिरी, मिरची नव्हे. मिरची जिभेवर पसरते, ही एका टोकाला टोचते आणि निघून जाते. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. कडक सिगारचा धूर सगळाच्या सगळा नाकातून काढणं हा शहाणपणा नाही, दहातला एखादाच झुरका.

वेळ: ८२ मिनिटं. लागली नाही.

८ जून

शेवटी गाडी थांबवली.

रोपं लावणं चाललं होतं. ट्रॅक्टरमागे खाली टेकलेल्या आसनांवर दोघं बसलेले, एकेक रोप यंत्राच्या चिमटीत देत होते. माती वाळूमिश्रित, पायाखाली भुसभुशीत. निपाणीकडची काळी नाही. नदीने आणून टाकलेली.

या खोऱ्यात दोन तंबाखू होतात आणि दोन्हींचं वागणं वेगळं. एक ‘शेड’: सुमात्राच्या पातळ पानाशी टक्कर देण्यासाठी १९०० च्या सुमारास इथे सुरू झाली. पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, पानं खालून वर एकेक करून खुडतात, आणि पातळ, फिकट, मऊ सिगारवर गुंडाळतात. दुसरी ही आमची ब्रॉडलीफ. हिला मांडव नाही, ऊन-वारा-गारा सगळं अंगावर. पान जाड, शिरा ठसठशीत. गारांचा एक फटका बसला की रॅपरचं पान संपलं, मग ते चुऱ्याच्या भावाने जातं.

शेडच्या मळ्यांत उन्हाळ्यात बाहेरून मजूर आणत. मार्टिन ल्यूथर किंग १९४४ मध्ये पंधरा वर्षांचा असताना कॉलेजची फी जमवायला जवळच्या सिम्सबरीत तंबाखूच्या मळ्यावर राबला होता. दक्षिणेतल्या त्या मुलाने हार्टफर्डच्या हॉटेलात गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवता येतं याचं आश्चर्य घरी पत्रात कळवलं होतं. हे मला इथे बारा वर्षं राहून आज कळलं, तेही आवेशाने मुलीने सांगितलं. त्यांना शाळेत शिकवलं म्हणे.

९ जून, तिसरी

काळं म्हणजे कडक हा समज माझ्याही डोक्यात होता. तो आज काढून टाकतोय.

कडकपणा रॅपरच्या रंगातून येत नाही, पोटातून येतो. तंबाखूच्या झाडाची खालची पानं सावलीत राहतात, पातळ आणि सौम्य असतात. ती ‘वोलादो’, ती जळण्यासाठी घालतात. मधली ‘सेको’, वासासाठी. शेंड्याकडची ‘लिगेरो’. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ हलकं, आणि पान मात्र सगळ्यांत जड: जाड, तेलकट, निकोटिनने भरलेलं. शेंडा खुडला की झाड सगळी ताकद वरच्या पानांत ओततं, हे निपाणीच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. लिगेरो सावकाश जळतं, म्हणून वळणारा ते बरोबर मधोमध बसवतो. बाजूला सरकलं तर सिगार एका अंगाने जळत जाते.

रंग मुरवण्यातून येतो. ‘मादुरो’ म्हणजे पिकलेलं, पण पिकणं आणि मुरणं यांत आपण फरक करतो आणि इथे मुरणंच खरं. कैरी आढीत पिकते, लोणचं बरणीत मुरतं. हे पान दोन्ही करतं. ओलसर पानांची माणसाच्या छातीइतकी उंच रास रचतात, अगदी आंब्याची आढी घातल्यासारखी, आणि ती आतून आपोआप तापते. मध्यात थर्मामीटर खुपसलेला असतो. ताप ठरलेल्या रेघेपलीकडे गेला की रास मोडायची, आतलं बाहेर, बाहेरचं आत, पुन्हा रचायची. त्यात अमोनिया उडून जातो. पातळ पान हा ताप सोसत नाही, फाटतं. ब्रॉडलीफ सोसतं आणि काळं, गोडसर होत जातं. कच्च्या सिगारला जो गोठ्याचा दर्प येतो, गोमूत्राचा, तो या उडून न गेलेल्या अमोनियाचा.

पडताळा म्हणून एक स्वस्तातली ‘मादुरो’ आणून ओल्या टिशूने पुसली. टिशू चहासारखा तपकिरी झाला. मुरवायला वेळ नसतो तेव्हा रंगवतात. माझी पुसली, तर फिकट पिवळट डाग आला, तेवढाच.

चव: दुसरीसारखीच, पण मध्याला नवीन काहीतरी आलं आणि शब्द सापडला नाही. गोड, पण साखरेचं नाही. प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

७ जुलै, चौथी

हवा ओली, डास, सिगार विझत होती. तीनदा पेटवली, तिसऱ्यांदा पेटवताना राखेचाच घास घेतला. कंटाळा. ९० मिनिटांनी टाकून दिली.

२० जुलै, पाचवी (दुसऱ्याच्या तोंडून)

मंडळाचा मित्र जेवायला आला होता, पूर्वी सिगरेट ओढायचा. त्याला एक दिली. ‘छातीत घेऊ नकोस’ असं तीनदा सांगितलं, त्याने तिसऱ्याच झुरक्याला घेतला. ठसका, मग शांतता, मग ‘अरे, ही तर विडी आहे, कोट घातलेली.’ पुढची वीस मिनिटं तो आमच्या कोचावर आडवा होता, बायकोने त्याला ताक दिलं, मला एक नजर.

पण विडीचं त्याने बरोबर पकडलं. उन्हात वाळलेल्या गावठी तंबाखूचा जो खाली राहणारा मातकट सूर असतो, तो इथेही आहे. मी भाकरीच्या नादात तो ऐकला नव्हता.

२४ ऑगस्ट

कापणी. ही नोंद लांबणार.

पानं एकेक खुडत नाहीत, अख्खं झाड बुंध्याशी तोडतात. हातात आखूड कुऱ्हाडी, एका घावात झाड आडवं. मग तासभर तिथेच सोडून देतात. मी विचारलं की उन्हात करपणार नाही का? मुकादम म्हणाला, ताजं पान काचेसारखं असतं, हात लावला की तडकतं. थोडं कोमेजलं की कापडासारखं होतं, मग उचलायचं. पण फार वेळ ठेवलं तर खरंच करपतं. तो दर थोड्या वेळाने आभाळ आणि पानं आळीपाळीने पाहत होता. हे पाहणं मी आजोबांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

एक माणूस लाकडी पट्टीच्या टोकावर लोखंडी भाला चढवतो आणि बुंध्यातून आरपार घालत एकेका पट्टीवर पाच-सहा झाडं ओवतो. भाला काढून पुढच्या पट्टीवर. पट्ट्या गाडीत, गाडी कोठाराकडे. आत खालून वर माणसं उभी राहून हातोहात वर चढवतात, झाडं उलटी टांगतात. कोठाराच्या भिंतींच्या फळ्या उभ्या आणि एकाआड एक बिजागरीवर. हवा पाहून उघडायच्या, झाकायच्या. बारा वर्षं मला ती मोडकी, फटी पडलेली कोठारं वाटत होती. फटी हेच त्यांचं यंत्र आहे.

आत पाऊल टाकलं तर हिरवा वास, शेपूची जुडी गरम ठिकाणी विसरली तर येतो तसा. सिगारशी काही संबंध नाही. दीड-दोन महिन्यांत पान पिवळं, मग तपकिरी होईल. मग ओल्या हवेचा दिवस पाहून खाली उतरवतील, कारण कोरड्या दिवशी हात लावला की चुरा. तिथून आढीत, आणि वर्ष-दोन वर्षं, कधी जास्त.

निघताना मुकादमाने विचारलं, तुमच्याकडेही तंबाखू होते का? म्हटलं, होते, पण आम्ही उन्हात वाळवतो. तो म्हणाला, मग कडक असेल. म्हटलं, असते.

७ सप्टेंबर

गणपती. डबा तळघरात, वर पांघरूण. बायकोने दहा दिवसांची ताकीद दिलीय आणि ती रास्त आहे. जॅकेटचा वास उदबत्तीवर मात करतो.

५ ऑक्टोबर, सहावी

आज जमलं. कोरडी हवा, तेरा-चौदा अंश, वारा नाही. मूगडाळीची खिचडी, दोन तास थांबलो. तोंड नुसत्या पाण्याने धुतलं. कॉफी नाही, पाहुणे नाहीत.

न पेटवता: मामाचं कपाट, मनुका, खाली थोडा कडबा.

पहिला भाग. मिरी नाकात, लगेच. पाच मिनिटांत मिरी बसली आणि खरपूस भाकरी वर आली. राख घट्ट, करड्या रंगाची, दीड इंचापर्यंत पडली नाही. जिभेच्या कडांना तुरटपणा, कच्च्या सुपारीचा.

मधला भाग. इथे जूनमधलं प्रश्नचिन्ह सुटलं. गोड, साखरेचं नाही, जड, किंचित आंबूस: गुऱ्हाळाच्या कढईच्या कडेला करपून चिकटलेला गूळ. आम्ही पोरं तो कालथ्याने खरवडून खायचो. पाक संपून कडू सुरू होण्याच्या नेमक्या मधली जागा. चक्रावर याला ‘मोलॅसिस’ म्हणतात, आणि काकवी म्हणून भाषांतर करता येईल, पण काकवी पातळ आणि सरळ गोड असते. ही ती नव्हे. या गोडाबरोबर माती आहे, पहिल्या पावसाची नव्हे, सारवलेल्या जमिनीची.

शेवटचा भाग. कडकपणा आता चवीत नाही, अंगात. खांदे सैल, बोटं जड, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. चव काळ्या मसाल्याकडे गेली, दगडफूल आणि भाजलेलं खोबरं. मिरी परत आली पण मंद. दोन इंच उरल्यावर कडू धार लागली आणि मी थांबलो. दुकानात बोटं भाजेपर्यंत ओढणारे लोक पाहिलेत. ती चव नसते, हट्ट असतो. सिगार विझवायची नाही, नुसती ठेवून द्यायची, ती आपली आपण जाते. चुरगळली तर जो वास सुटतो तो पडद्यांत आठवडाभर राहतो.

९४ मिनिटं. शेवटी गुळाचा खडा खाल्ला, गरज नव्हती तरी.

२६ ऑक्टोबर

महिनाभर पाऊस नाही. इथल्याच, कनेटिकटमधल्या बर्लिन गावाजवळच्या डोंगरावर वणवा लागलाय, राज्यभर उघड्यावर काही पेटवायला मनाई. डेकवर बसलो तर हवेतच धूर. अशात चव काय घेणार! या महिन्याची एक तशीही झालीय. नोंद फक्त एवढी: कोठारांतलं पान अजून वर टांगलेलं दिसतं. ओलाव्याची वाट पाहतंय.

१६ नोव्हेंबर, सातवी (उकललेली)

आई दिवाळीला आलीय. फोनवर ‘काय रे, तिकडं जाऊन विड्या ओढायला लागलास?’ असं विचारून झालं होतं. आज म्हणाली, बघू तरी.

तिने सिगार हुंगली नाही. आधी कानाशी धरून दोन बोटांत हलकी दाबली. करकर झाली नाही. ‘ओल बरी आहे,’ म्हणाली. मग वर्तमानपत्र पसरलं, बोट ओलं करून टोपीची, म्हणजे तोंडाकडच्या टोकावर चिकटवलेल्या पानाची, कड शोधली आणि सगळी सिगार उकलली. मला ओरडायचं होतं. पंधरा डॉलर.

वरचं पान एका सलग पट्टीसारखं सुटलं: मधली शीर काढलेलं अर्धं पान, तिरपं गुंडाळलेलं. त्याखाली बाइंडर, म्हणजे पोटातला माल बांधून धरणारं पान, खरबरीत. आत चार पानं, पंख्यासारखी घडी घातलेली, म्हणून मध्ये हवेला वाट राहते. आईने ती पत्त्यांसारखी मांडली, अंगठ्याने जाडी पाहिली. ‘हे तळाचं. ही दोन मधली. आणि हा शेंडा.’ शेंड्याचं पान बरोबर मधोमध होतं, बोटाला चिकटत होतं. लिगेरो, सेको, वोलादो हे शब्द मी आठ महिन्यांत शिकलो. तिला अर्ध्या मिनिटात, शब्दांशिवाय.

मग तिने शेंड्याचा तुकडा तळहातावर घेऊन अंगठ्याने मळला, दोन बोटांनी थापटून धूळ उडवली. मिसरी सोडून तिला वीस वर्षं झाली, हात विसरले नाहीत. आता हुंगलं. ‘मुरलंय चांगलं. आपल्या वखारीत इतकं मुरू द्यायला कुणाकडं वेळ होता?’ आणि लगेच, ‘चुना कुठाय?’

चुन्याचं मी सांगितलं, पान आतूनच तसं झालंय म्हणून. तिने ऐकलं, पटलं नाही.

‘ही एक केवढ्याला?’

आकडा सांगितला, रुपयांत. ती बराच वेळ गप्प. १९८१ मध्ये निपाणीचे तंबाखू शेतकरी दरासाठी महामार्गावर ठिय्या देऊन बसले तेव्हा आजोबा त्यांच्यात होते. गोळीबार झाला त्या दिवशी ते घरी उशिरा आले, एवढंच ती सांगते. आजही तेवढंच सांगितलं. मग वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने काहीतरी हिशोब मांडला आणि खोडला.

हात साबणाने दोनदा धुतले. तरी जेवताना म्हणाली, वास जात नाही. तक्रारीच्या सुरात नव्हे.

३० नोव्हेंबर

आठवडाभर पाऊस-पाणी झालं, रस्त्याकडेची कोठारं रिकामी दिसू लागली. पान खाली आलं.

पेटीत तीन शिल्लक. नोव्हेंबरची मी ओढलेली नाही आणि बहुतेक ओढणार नाही. तीन सिगारी म्हाताऱ्याला नेऊन देईन. त्याला उकललेलीची गोष्ट सांगितली तर तो खुर्चीवरून उठला होता.

उकललेली पानं आईने टाकू दिली नाहीत. चुरा कुंडीत घातला, सलग निघालेलं काळं पान मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या लोकरी शालीच्या घडीत ठेवलं. म्हणाली, तंबाखू असली की कसर लागत नाही. त्या बारीक तांबूस भुंग्याबद्दल मी काही बोललो नाही.